वायसर कोण बदलणार? डिझाइनच्या पायऱ्या आणि समाजावरचा परिणाम

तुझा प्रश्न दोनदा वाचला. सोलापुरात डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला आहेस, तुम्ही चौघं मिळून यंत्रमागासाठी कांड्या, म्हणजे धागा गुंडाळलेल्या छोट्या नळ्या, भरणारं स्वयंचलित मशीन बनवताय. पुस्तकात 'डिझाइन प्रोसेस'च्या सात पायऱ्या एका धड्यात आहेत, 'तंत्रज्ञानाचे समाजावरील परिणाम' दुसऱ्या धड्यात. खऱ्या कामात या पायऱ्या कोणी पाळतं का, असं तू विचारलंस. आणि गाईडनी रिपोर्टच्या शेवटी 'सोशल इम्पॅक्ट'चं एक पान जोडायला सांगितलंय, त्यावर काय लिहायचं, हेही विचारलंस.

आधी थोडक्यात सांगतो. पायऱ्या खऱ्या आहेत, त्यांचा क्रम मात्र पुस्तकापुरता. आणि ते शेवटचं पान शेवटी लिहायला घ्याल तर हातात काही उरलेलं नसेल. त्या पानावर जे यायचंय ते तुम्ही मोटर निवडलीत त्या दिवशीच बरंचसं ठरून गेलंय. हे कसं, ते नीट सांगतो. थोडं लांबेल.

मी तीसेक वर्षं बोअर, हापसे आणि पाण्याच्या पंपांवर काम केलं. म्हणून उदाहरण माझ्या कामातलं घेतो. तसं ते आपल्या सोलापूरचंही आहे. सोलापूर म्हटलं की लोकांना चादर आठवते, सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा आठवते. पण जगात सर्वांत जास्त वापरला गेलेला जो हातपंप, त्याचं मूळ सोलापुरात आहे, हे आपल्याच पोरांना माहीत नसतं याचं मला फार वाईट वाटतं.

१९६० च्या दशकाच्या शेवटी आपल्याकडच्या कठीण खडकात यंत्राने बोअर पाडायला सुरुवात झाली. १९७२ च्या दुष्काळाने त्या कामाला आणखी जोर आला. खडक फोडणं हेच मोठं काम वाटायचं, वर बसवायच्या पंपाकडे कोणाचं फारसं लक्ष नव्हतं. ओतीव लोखंडाचे जे हातपंप बाजारात मिळायचे ते बसवले. त्यांची मूळ रचना अमेरिका-युरोपातल्या शेतघरासाठीची. एक कुटुंब, दिवसाला चार बादल्या, पाणी वरच्यावर. तोच पंप आपल्या गावात आला आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्खी आळी त्याच्यावर तुटून पडली. पाणी खोल, दांड्यावर ताण जास्त. खिळी झिजायची, भोकं मोठी व्हायची, दांडा डावीउजवीकडे हलायला लागायचा आणि एक दिवस ओतीव तुकडा तडकायचा. १९७४ च्या सुमाराला पाहणी झाली तेव्हा चारातले तीन पंप बंद निघाले. खाली पाणी होतं, वर मोडका दांडा.

आता तुझी पहिली पायरी, प्रश्न निश्चित करणे. 'पंप वारंवार मोडतो' ही तक्रार झाली. तिच्यातून निदान तीन वेगवेगळे प्रश्न काढता येतात. पंप जास्त मजबूत कसा करायचा? मोडलेला पंप लवकर दुरुस्त कसा करायचा? की एका पंपावरची गर्दीच कमी कशी करायची? तिन्हींची उत्तरं वेगळी. त्या काळी पहिला प्रश्न निवडला गेला. तो चुकीचा नव्हता, पण त्याचे परिणाम मी पुढे वीस वर्षं पाहिले.

पहिलं काम झालं ते मिशनऱ्यांच्या वर्कशॉपमध्ये, आधी जालन्याला, मग सोलापुरात. सोलापुरात 'शोलापूर वेल सर्व्हिस' नावाची बोअर आणि पंपांचं काम करणारी संस्था होती. त्यांनी ओतीव लोखंड सोडून पोलाद धरलं, वेल्डिंगने जोडलेला पंप केला. तोच 'सोलापूर पंप'. युनिसेफ आणि भारत सरकारने देशासाठी एकच मजबूत हातपंप करायचं ठरवलं, तेव्हा त्या वेळच्या पंपांतला सर्वांत दणकट म्हणून सोलापूर पंपाचाच आधार घेतला. त्यावर मद्रासच्या अभियंत्यांनी काम केलं, कोइमतूरकडे पाणी खूप खोल असलेल्या बोअरवर नमुने चालवून पाहिले, आणि १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'इंडिया मार्क टू' तयार झाला. १९७९ मध्ये त्याचं भारतीय मानकही आलं, आयएस ९३०१. पेटंट कोणाचंच नव्हतं. नियमात बसवून कोणीही बनवावा. पुढे असे लाखो पंप देशात बसले आणि आफ्रिकेतही गेले.

त्याची रचना एकदा जवळ जाऊन बघ, गावाकडे अजून सापडतील. वरचं झाकण उघडलं की दांड्याच्या पुढच्या टोकाला चाकाच्या पावासारखा एक गोल तुकडा दिसतो आणि त्यावर साखळी. दांडा गोलात फिरतो, पण साखळी त्या गोलावरून उलगडते, त्यामुळे खालचा गज नेहमी सरळ उभाच ओढला जातो. जुन्या पंपात गज प्रत्येक झोक्याला थोडा तिरपा ओढला जायचा, तिथेच झीज व्हायची. कण्याला बंद बॉल बेअरिंग, म्हणजे गावात रोज तेल घालायला कोणी नसलं तरी चालेल. दांडा भरीव पोलादाचा, मुद्दाम जड. त्याच्या वजनाने खालच्या गजांचं वजन बरंचसं तोललं जातं. आणि पंपाचा पाया बोअरच्या पाइपवरून खाली घालून सिमेंटमध्ये गच्च बसवलेला, म्हणजे वर सांडलेलं, गुरांनी तुडवलेलं पाणी पुन्हा बोअरमध्ये झिरपत नाही. या शेवटच्या गोष्टीने किती पोरांचे जुलाब वाचले असतील ते मोजणं अवघड आहे, पण एक इंजिनिअर म्हणून मला तिचंच सर्वांत जास्त कौतुक वाटतं. कारण पंप विकत घेताना हे कोणी मागितलं नसतं.

थोडं गणितही करून बघ. बोअरमध्ये खाली ज्यात पिस्टन वरखाली होतो तो सिलिंडर ६३.५ मिलिमीटर व्यासाचा, पाणी ३० मीटरवर आहे असं धर. पिस्टनवर पाण्याचाच भार ९५ किलोच्या आसपास येतो, वर गजांचं वजन पंचवीसेक किलो. दांड्याचं प्रमाण साधारण आठास एक (हाताकडची बाजू पुढच्या बाजूच्या आठपट लांब), म्हणजे बाईच्या हाताला बारा-पंधरा किलो लागतात. एका झोक्यात ४०० मिलिलिटरच्या जवळपास पाणी येतं. पंधरा लिटरची घागर भरायला चाळीसेक झोके, म्हणजे सुमारे मिनिटभर. हे आकडे कोणीतरी टेबलावर बसून ठरवले, आणि त्यावरून हे ठरलं की दहा वर्षांची पोरगी पाणी भरू शकेल की नाही, आणि रांग किती लांब होईल. समाजावरचा परिणाम हा आठास एकच्या प्रमाणात बसलेला असतो. वेगळ्या धड्यात शोधायला जायची गरज नाही.

आता चूक कुठे राहिली ते सांगतो.

मार्क टूसाठी ज्या अटी ठरवल्या होत्या त्या चांगल्या होत्या. भारतातल्या साध्या कारखान्यांत मोठ्या संख्येने बनला पाहिजे, दोनशे डॉलरच्या आत बसला पाहिजे, बायका-मुलांना सहज चालवता आला पाहिजे, आणि निदान एक वर्ष बिनतक्रार चालला पाहिजे. शेवटची अट पुन्हा वाच. एक वर्ष चालला पाहिजे. तीनशे सहासष्टाव्या दिवशी काय, ते कोणी लिहिलं नव्हतं.

१९९० च्या आसपासची गोष्ट. करमाळा तालुक्यातलं एक गाव. आम्ही चौघं, गाडी, तिकाटणं, कप्पी, पाइपाचे पाने आणि चिमटे घेऊन गेलो. हापसा पाच आठवडे बंद होता. पंपाचं डोकं काढलं, मग एकेक पाइप वर ओढायला सुरुवात केली. तीन-तीन मीटरचे दहा पाइप, आत गज, आत अडकलेलं पाणी. सगळं मिळून दीडशे किलोच्या पुढे वजन. प्रत्येक जोड सोडवायचा, पाइप आडवा ठेवायचा, पुढचा धरायचा. हात सुटला तर सगळी लाइन बोअरमध्ये. दोन तासांनी सिलिंडर हातात आला. उघडला. आत पिस्टनला लावलेला चामड्याचा वायसर (वॉशर), पाणी कडेने निसटू न देणारा, वाटीसारखा असायला हवा तो, कडेने झिजून पापडासारखा पातळ झालेला. खिशातून नवा काढून बसवला. त्याची किंमत तेव्हा एका चहाच्या आसपास होती. मग पुन्हा दोन तास सगळे पाइप खाली.

एक म्हातारी पूर्ण वेळ लिंबाखाली बसून बघत होती. शेवटी पाणी आलं, लोकांनी घागरी लावल्या. ती उठून माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "हापसा लई चांगलाय रं लेकरा. तुमची गाडीच येत न्हाई."

या एका वाक्याने मला डिझाइन जितकं शिकवलं तितकं कोणत्या पुस्तकाने शिकवलं नाही. पंप खरोखर चांगला होता. पण त्याची दुरुस्ती गावाच्या हातात नव्हती. व्यवस्था तीन पातळ्यांची होती. गावात एक शिकवलेला माणूस, तो वरचे बोल्ट आवळायचा आणि साखळीला ग्रीस लावायचा. तालुक्याला मेकॅनिक. पाइप ओढायचे तर जिल्ह्याची गाडी. कागदावर सगळं नीट होतं. गाडीला डिझेल नसलं, पोरं दुसऱ्या तालुक्यात अडकली, किंवा गावचा पुढारी ओळखीचा नसला की पाच आठवडे. त्या पाच आठवड्यांत बायका कुठून पाणी आणत होत्या, तर दोन मैलांवरच्या उघड्या विहिरीतून. आपण डिझाइन करताना वायसरची जागा ३० मीटर खोल ठेवली, तेव्हाच त्या बायका दोन मैल चालत जाणार हे ठरलं होतं.

पुढे हे लक्षात आलं आणि 'मार्क थ्री' निघाला. त्यात पाणी वर आणणारा पाइप रुंद केला, म्हणजे पाइप न काढता नुसते गज ओढून पिस्टन वर येतो. दोन माणसं, थोडे पाने, तासा-दीड तासात वायसर बदलतो. चामड्याच्या जागी रबर आलं, तेही जास्त टिकतं. या विचाराला जगभर नाव पडलं ते गावपातळीवर चालवणं आणि दुरुस्त करणं. उत्तर प्रदेशात बांद्याकडे तर बायकांनीच हापसे दुरुस्त करायचं शिकून घेतलं.

मग सगळीकडे मार्क थ्री का नाही दिसत? रुंद पाइप महाग आणि जड होता, हे एक कारण. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तोवर लाखो मार्क टू जमिनीत बसले होते. दुकानांत सुटे भाग त्याचे, मेकॅनिकचं शिक्षण त्याचं, टेंडरचे नमुने त्याचे, मानकही त्याचंच. डेव्हिड कॉलिंग्रिज नावाच्या अभ्यासकाने १९८० साली ही अडचण फार नेमकी मांडली होती. तंत्रज्ञान नवं असतं तेव्हा बदलणं सोपं, पण परिणाम दिसत नाहीत. परिणाम दिसायला लागतात तेव्हा ते इतकं रुजलेलं असतं की बदलणं महाग पडतं. मी हे त्याच्या लिखाणात वाचलं ते फार नंतर. करमाळ्याच्या त्या लिंबाखाली मला ते आधीच दिसलं होतं. तुम्ही चौघं सध्या पहिल्या टप्प्यात आहात. तुमच्या मशीनचा अजून एकही नमुना बाजारात नाही. बदल फुकटात होईल अशी वेळ पुन्हा येणार नाही.

म्हणून आता तुमच्या कांडी मशीनकडे येतो.

इथे मला आधी हे सांगायला हवं की माझी आई कांड्या भरायची. सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, आमच्या खोलीला लागूनच माग होते आणि रात्री झोप लागायची ती त्यांच्या खडखडाटात. तेव्हा मी या विषयात तटस्थ नाही, आणि तटस्थ असल्यासारखं लिहिणार नाही.

जे वाचतील त्यांच्यासाठी दोन ओळी. मागावर उभा धागा तो ताणा, आडवा तो बाणा. बाणा मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात असतो, आणि धोट्याच्या पोटात बाण्याची कांडी. कांडी संपली की दुसरी लागते. त्या भरायचं काम बहुतेक ठिकाणी बायका करतात, काही कारखान्यात बसून, काही घरी, मजुरी नगावर.

तू लिहिलंस की तुमच्या मशीनला आठ स्पिंडल (कांडी फिरवणारे दांडे) आहेत, तीन फेजची मोटर आहे, धागा तुटला की ऑप्टिकल सेन्सरने स्पिंडल थांबतो आणि बझर वाजतो. 'एका कामगारात चार जणींचं काम' असंही लिहिलंस. रेखाटन छान आहे, मेहनत दिसते. आता प्रत्येक तुकडा मागावर नेऊन बघू.

बझर. तुम्ही तो कॉलेजच्या लॅबमध्ये वाजवून पाहिला असणार. माग चालू असलेल्या शेडमध्ये दोन माणसं एकमेकांशी खुणांनी आणि ओठ वाचून बोलतात. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे आणि धोट्याचे माग ती सहज ओलांडतात. तुमचा बझर तिथे कोणालाही ऐकू येणार नाही. दिवा लावा, डोळ्यांच्या उंचीवर, प्रत्येक स्पिंडलला वेगळा.

ऑप्टिकल सेन्सर. सुताची पिंजर शेडमध्ये हवेत तरंगत असते, संध्याकाळपर्यंत भुवया पांढऱ्या होतात. सेन्सरच्या काचेवर ती बसली की सेन्सर आंधळा होतो, किंवा धागा असताना तुटला म्हणतो. धाग्याच्या ताणावर उचलली जाणारी साधी तारेची पट्टी आणि खाली मायक्रोस्विच, हे जुनं आहे पण चालतं, आणि बिघडलं तर कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिशियन बदलून देतो. करमाळ्याच्या त्या म्हातारीचा प्रश्न इथेही विचारा. सेन्सर गेला तर कोण बदलणार, कुठून आणणार, तोवर त्या बाईची मजुरी कोण देणार?

धाग्याचा ताण. हे सर्वांत नाजूक. कांडी सैल भरली तर मागावर धोटा आपटतो तेव्हा वेटोळी घसरून एकदम सुटतात आणि कापडात गाठोळं येतं. जास्त ताणून भरली तर धागा तुटत राहतो. आई अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये धागा धरायची आणि दोन बोटांनीच तो ताण सांभाळायची. तिच्या तर्जनीवर सुताने कापलेली बारीक चर होती, कायमची. तुमच्या डिस्क टेन्शनरला ते बोटांचं काम करायचंय. म्हणून चाचणी लॅबमध्ये दहा कांड्यांची नको. खऱ्या मागावर शंभर कांड्या लावा, खऱ्या सुतावर, दुपारी दोनच्या उन्हात, आणि किती वेळा माग थांबला ते वहीत लिहा. एप्रिल-मेमध्ये इथे पत्र्याखाली सूत किती कोरडं होतं ते पुण्या-मुंबईच्या कोणत्या तक्त्यात मिळणार नाही.

आता मोटर. तीन फेज का निवडलीत? बहुधा मशीन डिझाइनच्या तासाला हिशेब केलात, त्यात ती चांगली बसली, आणि शेडमध्ये तीन फेज असतेच. हिशेबात चूक नाही. पण घरात तीन फेज नसते. तुमचं मशीन तीन फेजवरच चालणार असेल तर ते कारखान्यात जाणार, आणि घरी कांड्या भरणाऱ्या बाईला एक तर कारखान्यात यावं लागेल नाही तर काम सोडावं लागेल. लहान मूल असलेली बाई येणार नाही. सासू अंथरुणावर असलेली येणार नाही. तेच मशीन चार स्पिंडलचं, एक फेजचं आणि दारातून आत जाईल इतक्या रुंदीचं केलं, तर ती ते बचत गटाकडून कर्ज घेऊन स्वतः विकत घेऊ शकते. पहिल्या मशीनमध्ये 'एका कामगारात चार जणींचं काम' याचा अर्थ तीन जणी घरी. दुसऱ्यात त्याचाच अर्थ एका बाईचा नग वाढला. पत्रा तोच, गिअर तेच. फरक मोटरचा आणि मापाचा. माझं म्हणणं एवढंच आहे की ही निवड तुम्ही केलेली आहे. ती कळून करा.

मी मशीनच्या विरोधात नाही, हे स्पष्ट लिहितो. १८११ नंतर इंग्लंडमध्ये ज्यांनी माग आणि विणकामाची यंत्रं फोडली त्यांना लोक अडाणी समजतात, पण त्यांचं भांडण मुख्यतः पडलेल्या मजुरीशी होतं. आईचे खांदे पन्नाशीत गेले होते. कांड्या भरायचं काम जसं आहे तसंच राहावं असं मी कधीच म्हणणार नाही.

यंत्रात छोटा बदल केला तर काय होतं आणि तो का होत नाही, याचंही मागावरचंच उदाहरण आहे. जुन्या धोट्याला एक भोक असतं, कांडीचा धागा त्यातून बाहेर काढायचा. पटकन काढायचा तर तोंड लावून ओढायचा. लँकशायरच्या गिरण्यांत याला धोट्याचं चुंबन म्हणायचे. एकाच धोट्याला दिवसभरात अनेकांची तोंडं, वर पोटात जाणारी पिंजर आणि रंग. क्षयासारखे रोग त्यातून पसरत असल्याचा संशय होता. हाताने धागा ओवता येईल असा धोटा निघाला होता. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्ये तोंडाने ओढायच्या धोट्यावर बंदी घातली. लँकशायरमध्ये तो पुढे कित्येक दशकं चालूच राहिला. उपाय हाताशी होता, पण नव्या धोट्याचा खर्च मालकाच्या वहीत पडत होता आणि खोकला विणणाऱ्याच्या घरात. मी लहानपणी आमच्याकडच्या मागांवरही माणसांना तोंडाने धागा ओढताना पाहिलंय. म्हणून तुमच्या डिझाइनच्या तुलनेच्या तक्त्यात, जिथे तुम्ही किंमत, वेग, वजन असे रकाने केलेत, तिथे एक रकाना वाढवा. 'हा खर्च कोणाच्या वहीत?' प्रत्येक पर्यायापुढे भरा. मालक, कामगार, तिचं घर, शेजार, महापालिका. तक्ता लगेच वेगळा दिसायला लागेल.

एक अवघड गोष्टही सांगायला हवी. तुमच्या गटाने ती टाळली आहे. टॉवेलच्या कारखान्यांत रॅपियर माग आले आहेत. रॅपियरला धोटा नाही, म्हणून कांडीच नाही. बाणा थेट कोनावरून, म्हणजे सुताच्या शंकूसारख्या मोठ्या रिळावरून जातो. म्हणजे तुम्ही ज्या कामासाठी मशीन करताय ते काम हळूहळू जाणार आहे. याचा अर्थ प्रोजेक्ट टाकून द्या असा नाही. धोट्याचे माग ज्यांच्याकडे आहेत ते छोटे कारखानदार उद्या सकाळी रॅपियर घेऊ शकत नाहीत, त्यांना आणि त्यांच्याकडच्या बायकांना अजून काही वर्षं काढायची आहेत. पण मग मशीनची किंमत त्या काही वर्षांत वसूल झाली पाहिजे, आणि ते पुढे कशाला उपयोगी पडेल हेही आधीच पाहायला हवं. स्पिंडल बदलून त्याच मशीनवर शिवणाच्या दोऱ्याची रिळं भरता येतील का? तसा जोड आताच ठेवता येईल का? याला मी डिझाइन म्हणतो. या गावाने एकदा मोठ्या गिरण्या बंद पडलेल्या पाहिल्या आहेत. जुनी मिल १८७० च्या दशकातली, तिच्याभोवती अर्धं शहर वाढलं. गिरण्या गेल्या तेव्हा त्या माणसांनी पुढे काय करायचं हे कोणत्याच नकाशावर आखलेलं नव्हतं. घराघरांतून बायकांनी विड्या वळून चुली चालू ठेवल्या.

पायऱ्यांबद्दल विचारलं होतंस, ते राहून जायला नको. मी आयुष्यात एकही काम पहिल्या पायरीपासून सातव्यापर्यंत सरळ गेलेलं पाहिलं नाही. नमुना चालवताना कळतं की प्रश्नच चुकला होता, मग पुन्हा पहिल्या पायरीवर. परत जायला लाज वाटू देऊ नका आणि परत गेलात हे रिपोर्टमधून खोडू नका. पहिलं रेखाटन, ते का सोडलं, दुसरं का धरलं, हे सगळं तारखांसकट ठेवा. परीक्षकाला तेच वाचायला हवं असतं, निदान मी परीक्षक म्हणून बसायचो तेव्हा मला हवं असायचं.

तुमच्या गाईडना माझा नमस्कार सांग आणि विचार की 'सोशल इम्पॅक्ट'चं पान शेवटून उचलून प्रश्न मांडणाऱ्या प्रकरणात नेलं तर चालेल का. त्यात हे लिहा. आज कांड्या कोण भरतं, कुठे बसून, किती तास, नगाला किती मिळतात, काय दुखतं. मशीन आल्यावर यातलं काय कोणासाठी बदलेल. बिघडलं तर कोण दुरुस्त करेल. हे गूगलवर मिळणार नाही. पूर्व भागात जा, निदान तीन घरांत आणि दोन कारखान्यांत बसा. तुमच्यातल्या एकाला तेलुगू येत असेल तर त्याला पुढे करा, तिथे बऱ्याच घरांत ती बोलली जाते आणि बाई आपल्या भाषेत जे सांगते ते मराठीत सांगत नाही. मशीनवरच्या सूचनाही मग चित्रांनी करायच्या हे आपोआप सुचेल. प्रश्नावली घेऊन जाऊ नका, आधी तासभर नुसतं बघा. जमलं तर दहा कांड्या स्वतः भरा.

जाताना मल्टीमीटर घेऊन जा. संध्याकाळी सातच्या सुमाराला, सगळ्यांच्या घरी दिवे आणि पंखे चालू असतात तेव्हा, त्या घरात व्होल्टेज किती येतं ते मोजून मला कळव. दोनशेच्या खाली येत असेल तर एक फेजची मोटरही तुम्हाला नव्याने निवडावी लागेल, आणि ती कशी निवडायची ते मी पुढच्या वेळी आकडे घालून दाखवतो.